अकरावा माणूस

६ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. औषधवाल्यांकडे कंपनीच्या डायऱ्यांतली एक उरली होती, ती त्यांनी मला दिली. तारखा बरोबर, वार चुकीचे. म्हणून आधी वर्षअखेरपर्यंतच्या सगळ्या पानांवरचे वार पट्टीने रेघ मारून खोडले आणि वर बरोबर वार लिहिले. एवढं झाल्यावर लक्षात आलं, की मी लिहायचं टाळतो आहे.

आज मी मंडळात खोटं बोललो.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. दर रविवारी सकाळी दहाला औषधांच्या दुकानामागच्या खोलीत खोक्यांवर बसायचं आणि आठवडाभरात लढायांबद्दल कोणी काय वाचलं, काय ऐकलं ते सांगायचं. औषधवाले जाड पुस्तकं वाचतात. गणिताच्या बाईंची नजर अधू झाली आहे, त्या फोनवर ऐकतात. जनरल घड्याळं दुरुस्त करतात. फौजेत कधी नव्हते, पण चहा मागतानाही हुकूम सोडतात म्हणून जनरल. चौथा मी. मी नावाच्या पाट्या कोरतो. शाळा नववीत सुटली, पण अक्षर चांगलं, म्हणून मंडळाची नोंदवही माझ्याकडे. तारीख, कोणी सांगितलं, वाचलं की ऐकलं, कुठून. 'कुठून' हा रकाना रिकामा सोडायचा नाही, हा मंडळाचा एकच नियम. माझ्यापुढे कायम 'ऐकलं' असतं. कोरताना एका कानात लावून ऐकतो.

पुलाच्या लढाईवरचा एक कार्यक्रम आम्ही चौघांनीही ऐकला आहे. त्यात सांगणारा म्हणतो, एका पहाडी तोफेवर अकरा जण लागत. औषधवाल्यांनी पुस्तकातला फोटो दाखवला, बाईंनी भिंग लावून माणसं मोजली. सहा. जनरल म्हणाले, "मग उरलेले पाच काय तोफेला वारा घालत होते?" तेव्हापासून काहीही जास्तीचं दिसलं, चहाचा एखादा कप जरी, तरी आम्ही म्हणतो, "हा बघा, अकरावा माणूस."

आज जनरल म्हणाले, "लढाईत सगळ्यात सुखी कोण, सांगा. मागचे! धोबी, आचारी, कारकून. पुढे माणसं मरतायत आणि हे वजन वाढवून घरी येतात." सगळे हसले. मीही हसलो. मग औषधवाल्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरी होतं का रे कोणी फौजेत?"

"वडील," मी म्हणालो. हे खरं आहे.

"अरे! आणि इतके दिवस गप्प? कशात होते?"

"तोफखान्यात."

"कुठे?"

"पुलाच्या लढाईत."

"तरीच! दुकानात आले की ओरडावं लागतं त्यांच्याशी. तोफेने गेले कान."

मी "हो" म्हणालो.

बाबा पुलाच्या लढाईत होते, पण चार मैल मागे, धुलाई तुकडीत. ट्रकवर बसवलेली धुलाईची यंत्रं चालवायचे. कान त्या यंत्रांच्या घरघरीने गेले. म्हणजे एकूण खोटं दोन ठिकाणी, आणि अर्धं खरं एका ठिकाणी. मोजून काही बरं वाटलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज मला दहा मिनिटं दिली. "वडिलांचं सांग." मी कालच चिठ्ठीवर मुद्दे लिहून ठेवले होते, ती घेऊन गेलो. एक, वडील तोफखान्यात. दोन, तोफेवर तिसऱ्या जागी, गोळा भरणारे. तीन, पुलाजवळची रात्र. तिसऱ्यातलं बरंचसं कार्यक्रमातूनच घेतलं. अकरा मात्र कुठेही येऊ दिले नाहीत.

एरवी मी बोलतो तेव्हा जनरल एखादं घड्याळ कानाला लावून बघतात. आज त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. बाई म्हणाल्या, "चांगलं सांगतोस रे." चांगलं वाटलं. ते लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

नोंदवहीत 'कुठून' खाली लिहिलं: प्रत्यक्ष अनुभव (वडील). या पानावरचं माझं अक्षर इतर पानांपेक्षा सुबक आलं आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

चिठ्ठी शर्टाच्या खिशातच राहिली होती! दुकानात आठवलं आणि हातातली छिन्नी घसरली. पितळेवर घसरलेलं खोडता येत नाही. मालक म्हणाले, "लक्ष कुठंय? आता ही पाटी काय तुझ्या दारावर लावायची?"

आमच्या घरी कपडे बाबाच धुतात. आईला हात लावू देत नाहीत. आधी सगळे कपडे रांगेने मांडतात, मग एकेक खिसा उलटा करून झटकतात, आणि सापडलेलं सगळं दाराजवळच्या फळीवर ठेवतात. सुटा स्क्रू, तिकिटाचा कपटासुद्धा टाकत नाहीत. शेजारच्या काकू आईला म्हणतात, "तुमच्याकडे झडती झाल्याशिवाय धुणं होत नाही का हो?" मलाही कधीकधी वैताग येतो.

घरी येऊन पाहिलं. फळीवर रुमाल, पेन्सिल आणि चिठ्ठी. घडी होती तशीच. बाबांचा चष्मा आईच्या शिवणाच्या डब्यावर पडला होता आणि चष्म्याशिवाय त्यांना बारीक अक्षर लागत नाही. म्हणजे वाचली नसणार. चिठ्ठी फाडून टाकली.

जेवताना बाबा काहीच बोलले नाहीत. ते तसेही फार बोलत नाहीत.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबा मलम आणायला गेले होते. आल्यावर म्हणाले, "तुझे औषधवाले भेटले. पुढच्या रविवारी बोलावलंय. परवाच्या नाही, त्याच्या पुढच्या."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "काय म्हणाले?" मी ओरडून विचारलं.

"या म्हणाले. बोला म्हणाले."

"कशावर?"

"फौजेवर. आणखी कशावर? मला स्वयंपाक येत नाही."

आई म्हणाली, "येत असता तर बरं झालं असतं."

ते दोघं हसले. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यावर काहीच दिसलं नाही. औषधवाले 'तोफखाना' हा शब्द बोललेच नसतील, किंवा बोलले असतील आणि बाबांना ऐकू आला नसेल. हे शक्य आहे. पुष्कळ वेळा ते नुसतीच मान हलवतात.

२० ऑक्टोबर, रविवार

मंडळात गेलो नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

आज बाबांना सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण बाबांना काही सांगायचं तर ओरडावं लागतं. "बाबा, तुम्ही धुलाईत होता याची मला लाज वाटली" हे ओरडून कसं सांगायचं? भिंतीपलीकडे काकू असतात. तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "काय रे, पंखा बंद करू का?"

दुपारी त्यांनी स्वतःच फोन मागितला. "तू लढायांचं ऐकतोस ते लाव. पुलाचं. तोफा असतील ते." आवाज पूर्ण वाढवून दिला आणि ते दोन्ही हातांनी कान दाबून बसले. त्यांना आवड लागली म्हणून आई खूश झाली. तोफांचंच का हवं, असं माझ्या मनात आलं होतं. विचार पुढे नेला नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

रोज ऐकतात. एकच भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. काल ओठ हलवत होते. शाळेत पाढे पाठ करताना आम्ही हलवायचो तसे.

बाबांना रविवारी ताप यावा, असं आज माझ्या मनात आलं. लिहून ठेवतो, म्हणजे मी कसा आहे ते राहील.

२७ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. बाहीची घडी धार लावल्यासारखी. औषधवाल्यांनी त्यांना खोलीतली एकुलती एक खुर्ची दिली. जनरल उठून उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. बाबा गोंधळले, मग त्यांनीही हात वर नेला.

ऐकू येत नाही म्हणून ते मोठ्याने बोलतात. पुढे दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जात असेल.

"मी तोफखान्यात होतो," ते म्हणाले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. उलट एक क्षण, आणि हे सगळ्यात वाईट, मला हायसं वाटलं.

ते सांगत गेले. धूर, नळीवर टाकलेली ओली पोती, पुलाकडे जाणारा चिखलाचा रस्ता. पाठ केलेलं सांगताना मध्येच थांबायचे आणि वर बघायचे. एका ठिकाणी मात्र वेगळंच काहीतरी बोलले: "कपडे असे यायचे की रंग ओळखू यायचा नाही. थंड पाण्यात भिजवायचे. गरम घातलं की डाग कायमचा बसतो. नव्या पोरांना ते कळायचं नाही, ती घाईने गरम पाणी घालायची." मग थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि परत तोफेवर आले.

"आमच्या तोफेवर," ते म्हणाले, "आम्ही अकरा जण होतो."

कोणी हसलं नाही. कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. जनरलनी हातातला कप हळूच खोक्यावर ठेवला. औषधवाल्यांनी चष्मा काढून पुसला. बाई मान खाली घालून बसल्या.

"अकरा?" औषधवाले म्हणाले. त्यांचे ओठ बाबांना वाचता आले असावेत.

बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे. मग म्हणाले, "चुकलं. मी तोफखान्यात नव्हतो. धुलाईत होतो. पोरगा लहान होता तेव्हा मीच थाप मारली त्याला. तो अजून खरं धरून चाललाय. त्याला काही बोलू नका."

मी ज्या खोक्यावर बसलो होतो त्यावर बाण छापला होता आणि लिहिलं होतं, 'ही बाजू वर'. मी ते वाचत राहिलो.

"येऊ का?" बाबा म्हणाले. कोणी उत्तर देण्याआधी उठले, खुर्ची होती तशी सरळ केली आणि गेले.

जनरलनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तरी काय करणार? बापाने सांगितलं ते तू मानलंस." औषधवाले म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. चहा घे." मी चहा घेतला. सगळा प्यायलो.

घरी आलो तर शर्ट दोरीवर वाळत होता. बाबांनी एवढंच विचारलं, "किती असतात रे तोफेवर?"

मी सहा बोटं दाखवली.

"तो फोनमधला तर अकरा म्हणाला," बाबा म्हणाले. "चांगला शिकलेला माणूस वाटला."

३ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर लिहिलं नाही. बाबा आता दुकानावरून जात नाहीत, मलमासाठी पलीकडच्या चौकात जातात. वीस मिनिटं जास्त लागतात.

आज सांगायचंच म्हणून गेलो. पण सगळे माझ्याशी इतकं जपून वागत होते, आजारी माणसाशी वागावं तसं. जनरलनी खास माझ्यासाठी जुन्या नकाशाचं पुस्तक आणलं होतं. मी "ऐकलं: काही नाही" अशी नोंद केली आणि नकाशे बघत बसलो.

निघताना बाईंनी मागच्या पायऱ्यांवर थांबवलं. "तुझे बाबा म्हणाले, थंड पाण्यात भिजवायचे. कशाचा डाग ते बोलले नाहीत."

"चिखलाचा असेल," मी म्हणालो.

"चिखलाला थंड पाणी कशाला लागतं? मी तीन मुली वाढवल्यात, मला सांगू नकोस." मग कठडा धरून एक पायरी उतरल्या. "खोटं बोलताना माणूस चाचपडतो, ते मला ऐकू येतं. नजर गेल्यापासून तेवढंच येतं. ते मध्ये एकदा खरं बोलले, तेही कळलं. त्यांनी तुला थाप मारली असं म्हणाले, तेव्हा पुन्हा चाचपडले."

मी काखेतलं नकाशांचं पुस्तक सावरलं.

"आणि तू गप्प होतास," बाई म्हणाल्या. "गप्प माणसाचं मला काही कळत नाही बाबा."

५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा बाहेर गेल्यावर आईला विचारलं, "बाबा खिसे का तपासतात?"

"आत्ता विचारतोस? चोवीस वर्षांचा घोडा झाल्यावर?" ती शिलाई मशीनवर बसली होती. मशीन थांबवलं नाही. "तिथे त्यांचं ते काम होतं. पुढून कपडे यायचे, जखमींचे, गेलेल्यांचे. यंत्रात टाकायच्या आधी खिसे रिकामे करायचे. चिठ्ठ्या असायच्या, फोटो, कुणाच्या बायकोची पिन. सगळं पाकिटात घालून वर नाव लिहून पाठवायचं. स्वतःकडे काही ठेवायचं नाही, कपटासुद्धा नाही. एकाच्या खिशातली चिठ्ठी राहून गेली. धुतली गेली. कोरा लगदा निघाला नुसता."

"मग?"

"मग काय? तो माणूस गेलेला. घरच्यांना काय लिहिलं होतं त्याने, कोणाला कळणार? तेव्हापासून हे असे." तिने दोरा दातांनी तोडला. "आणि तू जाऊन त्यांना तोफेवर बसवलंस."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"मला काय बघतोस? चष्मा माझ्या डब्यावर कोणी ठेवला होता त्या दिवशी? वाचून झाल्यावर ठेवला त्यांनी. म्हणाले, त्याला बोलू नकोस, मी बघतो."

१० नोव्हेंबर, रविवार

आज माझी पाळी शेवटी होती. नोंदवही मांडीवर घेतली, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

म्हणालो, "ऐकलं. कुठून, तर आईकडून." आणि पाकिटांचं सांगितलं, लगद्याचं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग म्हणालो, "तोफखाना मी लावला. बाबांनी मला कधीच थाप मारली नाही. धुलाईचं त्यांनी लपवलंही नव्हतं. त्या दिवशी ते इथे आले ते माझ्यासाठी, आणि अकरा त्यांनी माझ्या फोनवरून पाठ केले. मी इथेच बसलो होतो."

पुढे दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

जनरल म्हणाले, "धोब्यांचं मी बोललो होतो."

"हो," मी म्हणालो.

"वजन वाढवून येतात म्हणालो होतो."

"मी हसलो होतो," मी म्हणालो.

औषधवाल्यांनी हात पुढे केला. मला वाटलं पाठीवर ठेवतील. त्यांनी नोंदवही घेतली. १३ ऑक्टोबरचं पान काढलं, 'प्रत्यक्ष अनुभव (वडील)' वाचलं आणि वही मिटली. "ही आता बाईंकडे राहील," ते म्हणाले. "वेडंवाकडं लिहिलं तरी चालेल."

"मला दिसत नाही धड," बाई म्हणाल्या.

"चालेल म्हणालो ना."

येऊ नकोस असं कोणी म्हणालं नाही. ये असंही नाही. मी कप विसळून ठेवले. आज एक कप जास्त निघाला होता. त्यावर कोणीच काही म्हणालं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चिठ्ठी लिहिली. पाच कागद वाया गेले. शेवटी एवढंच राहिलं:

'बाबा, तोफखान्याचं खोटं माझं होतं. काल मंडळात सगळ्यांना सांगितलं. तुम्ही मला थाप मारली नव्हती, हेही सांगितलं. त्या दिवशी मी गप्प बसलो.'

अक्षर मोठं काढलं, चष्मा नसला तरी लागेल असं. चार घड्या घालून कालच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुण्यात टाकला.

दिवसभर कोरताना कानात काही लावलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. फळीवर किल्ली होती, एक सुटं बटण होतं आणि आईच्या पदराची पिन. चिठ्ठी नव्हती.

दोरीवरचा शर्ट तपासला. खिसा उलटा काढलेला होता, स्वच्छ. बादली पाहिली, मोरीची जाळी पाहिली, फळीच्या मागे हात घातला. लगदा कुठेही नव्हता. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला विचारू नकोस. त्यांना विचार."

बाबा दारात बसून पायाला मलम लावत होते. डबी नवी होती. वरचं लेबल औषधवाल्यांच्या दुकानाचं होतं.

मी समोर उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं.

"पंखा असू दे," ते म्हणाले आणि खिशाचं बटण लावलं.